बाबांचा फ्लॅट विकताना आठ महिने कशात गेले

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या सासऱ्यांचा फ्लॅट विकायचाय, जाहिरात कुठे टाकू आणि भाव किती सांगू असं विचारत होती. मी म्हटलं अगं जाहिरात राहू दे, आधी कपाटातली फाईल काढ आणि त्यात काय काय आहे ते सांग. ती म्हणाली अॅग्रीमेंट आहे ना. कुणाच्या नावाचं? सासऱ्यांच्या. सासरे कधी गेले? 2017 ला. तेव्हा त्यांच्या आई होत्या? हो, होत्या की, त्या मागच्या वर्षी गेल्या. बस, तिथून पुढे आम्ही दीड तास बोललो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण आम्हाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर आईचे तीन लाख वाचले असते आणि तिची झोपही.

आमचा फ्लॅट पुण्यात बिबवेवाडीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाबांनी 1996 मध्ये रिसेलमध्ये घेतलेला. बाबा 2019 ला गेले. आईचे गुडघे दुखायला लागले आणि 2024 च्या दिवाळीनंतर ठरलं की हा विकून तिला सिंहगड रोडला माझ्या घराजवळ लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये छोटं घर घ्यायचं. गिऱ्हाईक पण पटकन मिळालं, जानेवारीत एका गृहस्थांनी 61 लाख कबूल केले आणि एक लाखाचा टोकनचा चेक दिला, आम्ही पेढे वाटले. आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या बँकेच्या वकिलांनी यादी पाठवली, त्यातल्या दोन गोष्टी आमच्याकडे नव्हत्याच. अडीच महिने ते थांबले, मग त्यांनी दुसरीकडे घर घेतलं, आम्ही टोकन परत केलं. त्यांची काही चूक नव्हती, त्यांचं भाड्याच्या घराचं अॅग्रीमेंट संपत होतं, ते तरी किती थांबणार.

पहिली गोष्ट म्हणजे चेन. बाबांनी ज्यांच्याकडून घेतला त्यांनी तो 1988 ला बिल्डरकडून घेतलेला, तर तो बिल्डरबरोबरचा पहिला करारनामा ओरिजिनल पाहिजे. रिसेलचं घर असेल तर पहिल्या मालकापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करारनामे, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, हे सगळं सलग लागतं, मधली एक कडी जरी नसली तरी बँक लोन द्यायला तयार होत नाही आणि आजकाल लोनशिवाय घर घेणारा सापडणं कठीण. आमच्याकडे बाबांचा करारनामा व्यवस्थित होता पण 1988 चा नव्हता. बाबांना तो मिळाला होता का, घर बदलताना गेला का, काही कळायला मार्ग नाही. मूळ मालक केव्हाच वारलेले.

यातून मार्ग आहे, फक्त वेळ लागतो. बाबांच्या करारनाम्यात सुरुवातीला जिथे घराचा आधीचा इतिहास लिहिलेला असतो ना, तिथे जुन्या दस्ताचा नंबर आणि तारीख होती. ते पान कधी कोणी वाचत नाही पण तुमचा करारनामा आज काढा आणि ते पान वाचा. त्या नंबरवरून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून आम्ही दस्ताची सर्टिफाईड कॉपी, म्हणजे नक्कल, काढली. इतकं जुनं सगळं ऑनलाईन मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष खेपा घालाव्या लागल्या. शिवाय पोलिसात कागद हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, नोटीशीची मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग आईचं प्रतिज्ञापत्र आणि इन्डेम्निटी बाँड, म्हणजे पुढे कोणी दावा केला तर नुकसान आम्ही भरून देऊ असं हमीपत्र. एवढं सगळं जोडल्यावर दुसऱ्या बँकेने ते मान्य केलं. प्रत्येक बँक करेलच असं नाही, म्हणून गिऱ्हाईक येण्याच्या आधी हे करून ठेवायचं, आल्यावर नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोठी होती. सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलेलं, त्यामुळे आम्ही सगळे पाच वर्षं हेच धरून चाललो होतो की फ्लॅट आता आईचा. असं नसतं हो. नॉमिनीचं नाव म्हणजे सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढंच, मालकी वारसांची. आणि हिंदू वारसा कायद्यात, म्हणजे 1956 च्या, माणूस मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस कोण, तर बायको, मुलगे, मुली, आणि त्याची आई. आई! हे शेवटचं आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा आजी होती, म्हणजे आई, दादा, मी आणि आजी असे चार सारखे हिस्से. आजी 2021 ला गेली, तिनेही काही लिहून ठेवलेलं नव्हतं, मग तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे गेला, म्हणजे आत्या, काका आणि बाबांच्या वाट्याचा परत दादाला आणि मला. हिशोब केला तर बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये आत्याचा बारावा आणि काकांचा बारावा हिस्सा निघत होता.

वकिलांनी हे सांगितलं तेव्हा आई एकदम गप्प झाली. तिला पैशांपेक्षा हे वाटलं की आता नणंदेकडे कोणत्या तोंडाने जाऊ, त्यांना वाटेल आपण इतकी वर्षं लपवलं. मी आत्याला फोन केला आणि जे आहे ते सरळ सांगितलं, तुझा हिस्सा निघतोय, तो सोडायचा की नाही हे तुझ्या मनावर. आत्या म्हणाली कधी यायचं ते सांग. 76 वर्षांची बाई कराडहून एसटीने एकटी आली, पंचाहत्तरच्या वर तिकीट माफ आहे ना त्यामुळे गाडी करू नका म्हणाली, स्वारगेटला मी घ्यायला गेले. कार्यालयात चार तास बसली, अंगठ्याचा ठसा नीट उठेना म्हणून तीनदा घ्यावा लागला, एका शब्दाने तक्रार केली नाही. काका पण आले. आम्ही नशीबवान, पण आमच्याच ओळखीत एका घरात अशाच एका सहीसाठी चार वर्षं व्यवहार अडकलाय आणि सख्खे भाऊ बोलत नाहीत. म्हणून सांगते, फ्लॅट विकायला काढायच्या आधी वकिलाकडून वारसांची यादी करून घ्या, आणि नातेवाईकांना ती गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तुम्ही स्वतः सांगा.

सगळ्यांनी आईच्या नावे हक्कसोड पत्र केलं आणि ते रजिस्टर केलं. दादा टोरांटोला असतो, त्याला येणं शक्य नव्हतं, मग त्याने कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून कुरियरने पाठवलं. असं परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावी लागते, आमचं शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं. हक्कसोड पत्रात पैसे घेऊन हक्क सोडला की न घेता, आणि कुणाच्या नावे सोडला, यावर ड्युटी अवलंबून असते म्हणून त्याचा मजकूर इंटरनेटवरून उचलू नका. आणि एनआरआय भाऊबहिणीचं नाव विकणाऱ्यांमध्ये ठेवलं तर घेणाऱ्याला त्यांच्या हिश्श्यावर नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त टॅक्स कापावा लागतो, तो रिफंड मिळेपर्यंत अडकतो, आणि घेणारे हे ऐकूनच मागे जातात. हेही एक कारण होतं दादाने हक्क सोडण्याचं, आईने त्याला काय द्यायचं ते तिचं ती बघेल.

मग सोसायटी. शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर करून घेताना नोटीस, हरकती, कमिटीची मीटिंग यात महिना दीड महिना गेला. आणि विक्रीच्या वेळी सेक्रेटरींनी विकास निधी म्हणून एक लाख मागितले, इथे सगळेच देतात म्हणाले. 9 ऑगस्ट 2001 च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफरचा प्रीमियम जास्तीत जास्त 25,000 आहे, देणगी किंवा निधी असं दुसरं नाव देऊन जबरदस्तीने जास्त घेता येत नाही. मी भांडले नाही, परिपत्रकाची प्रिंट काढून नेली, कमिटीला द्यायच्या पत्राला जोडली आणि पोच घेतली. पुढच्या मीटिंगमध्ये 25,000 वर ठराव झाला. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांचे नमुना नियम, त्याप्रमाणे तर फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी सुद्धा लागत नाही पण बँक मागतेच, त्यामुळे सोसायटीशी वाकडं घेऊन चालत नाही, कागद दाखवून गोडीत घ्यायचं.

किमतीचं बोलायचं तर साईटवर लोक जे भाव टाकतात ते त्यांच्या मनातले असतात. खरा भाव बघायचा असेल तर नोंदणी विभागाच्या आयजीआर महाराष्ट्रच्या वेबसाईटवर ई-सर्च करून आपल्याच बिल्डिंगमधल्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या गेल्या दोन वर्षांच्या विक्रीचे इंडेक्स टू बघायचे, त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य तिन्ही असतं. मी एका रविवारी अकरा दस्त काढले आणि वहीत मांडले, त्यावरून कळलं की 61 ही चांगली ऑफर होती. जूनमध्ये दुसरं जोडपं आलं तेव्हा पावसाळा, मार्केट थंड, आणि आई थकलेली, 58 ला दिला. ते तीन लाख म्हणजे कपाटात नसलेल्या कागदांची किंमत.

या जोडप्याबरोबर मात्र आम्ही टोकन घेतानाच एक पानी लेखी केलं. एकूण किंमत, टोकन किती, करारनामा किती दिवसांत, लोन नामंजूर झालं तर टोकन पूर्ण परत, आमच्या कागदांत दोष निघाला तरी पूर्ण परत, आणि त्यांनी विनाकारण माघार घेतली तर किती कापायचं. जानेवारीत आम्ही हे काहीच लिहिलं नव्हतं, समोरचा माणूस सज्जन होता म्हणून निभावलं. घेणाऱ्यांना माझं सांगणं, सगळ्या कागदांची झेरॉक्स तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका, एजंट कितीही म्हणू दे की दुसरी पार्टी संध्याकाळी येतीये.

आणि कॅश. आम्हालाही एका एजंटने सुचवलं की दहा लाख वेगळे घ्या, टॅक्स वाचेल. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्या वर रोख घेतली तर घेतली तेवढीच पेनल्टी लागू शकते, आणि घेणाऱ्याचं नुकसान वेगळंच, त्याच्या करारनाम्यात किंमत कमी दिसते म्हणून लोन कमी मिळतं आणि पुढे त्याने विकलं की नफा फुगून दिसतो. आम्ही एक रुपया रोख घेतला नाही.

टॅक्सची भीती आम्हालाही होती, सगळे सांगत होते की इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सोय, गेलं, आता वाट लागणार. सीएंनी बसून हिशोब दाखवला. बाबांनी 1996 ला घेतला, वारसाने आलेल्या घराला बाबांचीच खरेदीची तारीख धरतात, आणि 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून घेता येते, ती आली सहा लाख. घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल तर निवासी भारतीयाला दोन्ही पद्धतींनी मोजून कमी असेल तो टॅक्स भरता येतो. इंडेक्सेशन धरलं तर 2001 चे 100 धरून 2025-26 चा महागाईचा इंडेक्स 376, म्हणजे सहाचे झाले 22 लाख 56 हजार, नफा 35 लाख 44 हजार, त्यावर 20 टक्के म्हणजे सात लाखाच्या थोडं वर. इंडेक्सेशन न धरता नफा 52 लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे साडेसहा लाख. म्हणजे आमच्या बाबतीत नवीन पद्धतच स्वस्त पडत होती, तुमच्या बाबतीत उलट असू शकेल, मोजल्याशिवाय घाबरू नका. आणि आईने विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं तर त्यात घातलेल्या रकमेएवढ्या नफ्यावर टॅक्स नाही. आईने 55 लाखाचं घेतलं, त्यामुळे टॅक्स शून्य. घर लगेच घ्यायचं नसेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत पैसे कॅपिटल गेन अकाउंटमध्ये टाकून ठेवावे लागतात, ते नुसते एफडीत ठेवून चालत नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असली की घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा, आमच्या जोडप्याने 58,000 भरले, दोघं घेणारे म्हणून दोघांनी आपापला फॉर्म वेगळा भरला. ते तुमच्या पॅनवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशन झालं. तिथे एक काम जरूर करा, सही करण्याआधी डेटा एन्ट्रीचा प्रिंट हातात घेऊन नावं, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, पॅन सगळं अक्षर अन् अक्षर वाचा, मागे कितीही रांग असू दे. आमच्या वेळी फ्लॅट नंबर 11 चा 17 झाला होता. तो तसाच नोंदला गेला असता तर चूक दुरुस्ती पत्र करायला सगळ्यांना परत यावं लागलं असतं.

आईचं घर घेताना आम्ही घेणाऱ्याच्या बाजूला होतो आणि आता काय बघायचं ते माहीत होतं. माणिकबागेतल्या तीन बिल्डिंग आवडल्या, त्यातली एक फक्त एवढ्यासाठी सोडली की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला महापालिकेची परवानगी, नव्हतं, येईल येईल म्हणत अकरा वर्षं झालेली. दुसऱ्या ठिकाणी एजंट पार्किंगचे तीन लाख वेगळे सांगत होता. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगखालची खांबांमधली जागा, ही बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येणारी वस्तू नाही हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय, रिसेलमध्ये बघायचं ते सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र, ते मागितल्यावर मालकांकडे नव्हतंच. जी घेतली तिथे मी तीनदा गेले, एकदा रात्री नऊला, एकदा भर पावसात, आणि एकदा सकाळी सातला पाण्याच्या वेळी. वॉचमनना विचारलं टँकर येतो का, ते म्हणाले एप्रिल मे मध्ये दिवसाला दोन. सोसायटीचा कन्व्हेयन्स झालाय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, हे विचारलं, झाला होता. टेपने कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, मोजला, सांगितला होता 450 चौरस फूट, भरला 428, मोजून दाखवल्यावर मालकांनी 80,000 कमी केले. त्यांचं लोन चालू होतं म्हणून बँकेचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र, मागितलं आणि त्या रकमेचा चेक थेट त्यांच्या लोन खात्यावर दिला. लोन फिटल्यावर बँकेने तीस दिवसांत ओरिजिनल कागद द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला 5,000 ग्राहकाला द्यावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, डिसेंबर 2023 पासून. हे बोललो आणि कागद अठराव्या दिवशी मिळाले.

घर एकट्या आईच्या नावावर घेतलं. माझ्या नवऱ्याचं किंवा दादाचं नाव लावलं असतं तर स्टॅम्प ड्युटीत बाईच्या नावाला जी एक टक्का सूट आहे ती गेली असती, पुण्यात सातचे सहा झाले आणि 55,000 वाचले. रजिस्ट्रेशन फी 30,000 च्या वर जात नाही. घर नावावर झालं की लाईटचं मीटर आणि मिळकत कराच्या बिलावरचं नाव लगेच बदलून घ्या, आणि पुण्यात स्वतः राहणार असाल तर करातल्या 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 फॉर्म भरा.

बिबवेवाडीच्या घराची किल्ली देताना आम्ही त्या जोडप्याला निळी फाईल दिली, 1988 च्या नक्कलेपासून सगळं तारखेप्रमाणे लावलेलं, वर आईच्या अक्षरात अनुक्रमणिका. त्या मुलीने ती तिथेच उभ्या उभ्या शेवटच्या पानापर्यंत चाळली, मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये आई नवीन घरात गेली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली मला मृत्युपत्र करायचंय, आत्यांना पळवलं तसं तुमच्या पोरांना कोणासाठी पळायला नको. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि शेजारच्या काकू आल्या, त्यांच्यासमोर आईने सही केली, त्यांनी तिच्यासमोर केली. मग तिने सगळ्यांना शिरा दिला आणि तो कागद नवीन फाईलमध्ये इंडेक्स टू च्या मागे लावला.